भाऊजींचा मंगळ

सूर्य उगवणं ही रोज घडणारी दुर्घटना आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो म्हणजे माझे धाकटे दीर. पूर्वेला फटफटायला लागलं की त्यांचा चेहरा असा पडायचा, की नव्याने बघणाऱ्याला वाटावं, घरात काहीतरी वाईट बातमी आली आहे. लग्न होऊन मी सोलापूरच्या त्या घरात आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पहाटे कंदील घेऊन परसात पाणी भरायला गेले. पाहते तर गोधडी गुंडाळून, कानटोपी घालून कुणीतरी एका लांबलचक नळीला डोळा लावून वाकलेलं. मी किंचाळणार, तेवढ्यात ती गोधडीच ओरडली, "वहिनी, कंदील! कंदील आत न्या आधी!" दिरांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यात स्वागत नव्हतं, पण तळमळ खरी होती. त्या वेळी गुरू दिसत होता आणि माझ्या कंदिलाने त्याच्या रंगाचा बेरंग केला होता.

ती दुर्बीण त्यांनी स्वतः बनवली होती. भिंग पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. नळी आमच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याने केली. तो बिचारा आयुष्यभर पन्हाळी करत आलेला. त्याने विचारलं, "ह्यातनं पाणी कुठं सोडायचं?" भाऊजी म्हणाले, "पाणी नाही, उजेड येणार आहे." "मग गळायची भानगड न्हाय," असं म्हणून तो निश्चिंत मनाने डाग द्यायला बसला. ही नळी उभी केली होती सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर. सासूबाईंना ऐन तरुणपणी वैधव्य आलं आणि त्या मशीनवर लोकांची झंपरं शिवून त्यांनी दोन मुलं वाढवली. पोरं कमावती झाल्यावर मशीन बंद पडलं आणि स्टँड परसात गेला. पण खाली पायटा तसाच होता. बघण्यात रंगले की भाऊजींचा पाय नकळत त्याच्यावर जायचा, सगळी दुर्बीण थडथडायची, आणि शनी आपल्या कड्यासकट निसटून कुठल्या कुठे जायचा. मग भाऊजी शनीलाच रागवायचे. "जरा थांबवत नाही ह्याला!"

नळाला पाणी पहाटेच यायचं आणि नळ आमच्या परसात. त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या बायका घागरी घेऊन तिथे जमत. भाऊजींना ही आयती गिऱ्हाइकं. एकेकीला बोलावून ते आकाश दाखवत. पलीकडे राहणाऱ्या विणकरीणबाई तेलुगू बोलणाऱ्या, त्यांना गुरूचे चार चंद्र दाखवले तर त्या डोळा न काढताच म्हणाल्या, "चारच? आमच्या घरी सहा पोरं हाईत की!" आणि मागून घागर भरून वाहायला लागली म्हणून पळाल्या. उजाडेपर्यंत कुणी चूल पेटवू नये, धुराने शुक्र मळकट दिसतो, अशीही भाऊजींनी गल्लीला विनंती करून पाहिली. सासूबाईंनी आतून ऐकवलं, "आणि पहिल्या पाळीला जाणाऱ्यानं शुक्र खाऊन जायचं व्हय रे?" गिरणीचा भोंगा झाला की नळ, चुली आणि भाऊजींचं आकाश या तिन्हींचा कारभार बदलायचा. मग ते तसेच कानटोपीत कचेरीला जायला निघायचे. टोपी काढायची आठवण कोपऱ्यावरचा पानवाला करून द्यायचा.

बोलण्यात मात्र कुणाला हार जायचे नाहीत. एकदा एक जोतिषी सासूबाईंकडे आला होता. भाऊजींनी त्याला परसात नेलं आणि शनी किती लांब आहे, त्याला आपल्या गल्लीतल्या माणसांची नावं कुणी कळवली असतील, अशा शंका विचारून इतकं बेजार केलं, की तो दक्षिणा न घेताच छत्री विसरून गेला. असा हा बोलका माणूस. म्हणूनच पुढे जे झालं ते माझ्या अजून गळी उतरत नाही.

माझे मामा मंगळवेढ्याचे. त्यांची मुलगी विमल तिथेच शाळेत शिक्षिका होती. हसरी, स्पष्ट बोलणारी, पण पत्रिकेत मंगळ, त्यामुळे स्थळं दारापर्यंत येऊन परत जायची. माझ्या मनात आलं, ग्रहांवर एवढा जीव असलेला माणूस आपल्या घरात आहे, त्याला कसली आली मंगळाची भीती? संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी मी मामा-मामींना विमलसकट बोलावून घेतलं. संध्याकाळी सगळे चहाला बसले. भाऊजी कधी नव्हे ते गप्प, इस्त्रीचा शर्ट घालून. सासूबाईंनी हळूच विषय काढला, तसे मामा बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरीला मंगळ हाय, बाई. लपवून करायचं न्हाय मला."

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "मंगळ सध्या पहाटे दिसतो."

मामा बघतच राहिले. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. विमलला मात्र हसू आवरेना; ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाण्याला उठले तर ती माझ्याआधी तयार. परसात कडाक्याची थंडी. भाऊजींनी तिला आधी शुक्र दाखवला, मग गुरू, आणि मग नळी किंचित वळवून म्हणाले, "हा तुमचा मंगळ." ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिने विचारलं,

"हाच?"

"हाच."

"एवढासा?" ती सरळ झाली. "अहो, हा तर कुंकवाच्या टिकलीहून लहान आहे! ह्याच्यापायी आई माझी इतकी वर्षं मंगळवार धरती होय?"

भाऊजी अगदी ओशाळले. जणू मंगळ त्यांनीच आखूड शिवला होता. म्हणाले, "आत्ता लांब आहे. पावसाळ्यात जवळ येईल. चांगला मोठा दिसेल. तेव्हा या."

विमल म्हणाली, "बोलावलं तर येईन की."

मी नळाखाली घागर धरून उभी होते. घागर भरून पाणी पायावर आलं तरी मला कळलं नाही, इतकी मी आनंदले होते.

सासूबाई अक्कलकोटकडच्या. एरवी मराठी बोलायच्या, पण एखादी गोष्ट मनाशी पक्की झाली की कानडीत शिरायच्या. मामा मंडळी जत्रेला गेली आणि मी स्वयंपाकघरात विषय काढला, तर त्या एकच शब्द बोलल्या, "ब्याड." नको. मी विनवण्या केल्या. तेव्हा त्यांनी भाकरी थापायची थांबवली. म्हणाल्या, "तुला ठाऊक न्हाय. माजा मंगळ लपवून लगीन केलं, असं सासरच्यांनी म्हटलं मला. हे गेले तेव्हा मयताला आलेल्या बायका माज्याकडं बोट दाखवत होत्या. ह्या दोन पोरांच्या बापाला मी खाल्ला म्हणाल्या. त्या पोरीनं ते ऐकावं व्हय?" मग त्यांनी भाऊजींना हाक मारली. ते परसातून आले, हातात भिंग आणि मलमलीचा तुकडा. सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "माजं मन न्हाय. पण लगीन तुजं हाय. तू म्हणशील तर करू. सांग."

जोतिष्याला छत्री विसरायला लावणारा तो माणूस भिंग पुसत उभा राहिला. पुसून लख्ख झालेलं भिंग त्यांनी पुन्हा पुसलं. सासूबाई थांबल्या होत्या, हे मी शपथेवर सांगते. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी ती उलटली नाही.

"तू म्हणशील तसं, आई," भाऊजी म्हणाले आणि बाहेर गेले.

मामांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. विमल जाताना माझ्या पाया पडली, आणि परसाच्या दाराकडे एकदा बघून एसटीला गेली.

पावसाळ्यात खरोखरच मंगळ जवळ आला. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती, आकाश स्वच्छ होतं. भाऊजींनी नळावरच्या एकूण एक बाईला तो दाखवला. तांबडा लाल, चांगला वाटोळा, आणि कडेला खडीसाखरेसारखा पांढरा ठिपका. एका पहाटे सासूबाई आपणहून परसात आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या नळीला कधी डोळा लावला नव्हता. भाऊजींनी त्यांचा हात धरून त्यांना स्टँडपाशी बसवलं. त्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लई लांब हाय की रे." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे वळून, "तुज्या मामाच्या पोरीचं जमलं का कुटं?"

"मागच्याच आठवड्यात सुपारी फुटली," मी म्हणाले. "अकलूजला. साखर कारखान्यात आहे मुलगा. पत्रिका बघत नाहीत ते."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "बरं झालं," म्हणाल्या आणि भिंतीचा आधार घेत आत गेल्या. भाऊजींनी पुढच्या बाईला बोलावलं नाही. मी घागर उचलणार तेवढ्यात ते म्हणाले, "वहिनी, तेव्हा मी काय सांगणार होतो आईला? तो एवढासा आहे म्हणून? सगळं आयुष्य काढलं तिनं त्याच्या धाकात. ते सगळं उगाचच होतं, असं तोंडावर सांगायचं?" मी घागर उचलून आत नेली. पण मला अजून वाटतं, त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याच्यापुढे काहीच सांगावं लागलं नसतं.

भाऊजींनी पुढे लग्न केलं नाही. सासूबाईंनी मग स्वतःच मुली सुचवल्या, एक सोडून अनेक. भाऊजी प्रत्येक वेळी "बघू" म्हणायचे आणि कानटोपी घालायचे. सासूबाई गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात विमल आमच्याकडे आली. नवरा आणि पाचेक वर्षांची मुलगी बरोबर होती. नवरा साधा, मोकळा माणूस. रात्री भाऊजी त्याच्याशी उसाबद्दल आणि गाळपाबद्दल इतकं बोलले, की त्यांना त्यातलं काही कळत होतं असं कुणालाही वाटावं. पहाटेच्या एसटीने मंडळी परत निघाली. टांगा यायचा होता. आम्ही सगळे परसाच्या दारात उभे होतो. विमलने विचारलं, "भाऊजी, दुर्बीण आहे का अजून?"

"आहे की."

"हिला काहीतरी दाखवा ना. टांगा येईपर्यंत."

मुलगी उत्सुकतेने त्यांच्याकडे बघत होती. भाऊजी तिच्याकडे बघून हसले. दुर्बीण त्यांच्यामागेच होती, फडकं घातलेली.

"आज आभाळ आलंय," ते म्हणाले.

विमलने मान वर केली. मीही केली. डोक्यावर वैशाखातलं निरभ्र आकाश होतं, आणि पूर्वेला शुक्र असा लखलखत होता की त्याच्या उजेडात घागरी मोजता आल्या असत्या. विमल थोडा वेळ तशीच वर बघत राहिली. मग तिने वाकून मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आभाळ आलंय गं," ती मुलीला म्हणाली. "आज काही दिसायचं नाही."