पालकांसह उपस्थित राहावे

"ये लख्या, ऊठ. हलगी घिऊन ये पळत. सायबाची गाडी फाट्यावर आलीया."

एवढंच म्हनले मालक. आन माझा बाप खुर्चीवरनं उठला.

मी सत्काराच्या पोरांच्या रांगेत बसले व्हते, दहा-बारा हातांवर. बाप उठताना मला नीट दिसला. त्यानं खुर्ची मागं सारली तीबी आवाज न करता, उसनी आनल्यागत. मग खाली वाकून चपला शोधल्या. खुर्चीवर बसायचं म्हनून त्यानं चपला काढून ठिवल्या व्हत्या. दुसऱ्या कुठल्याच पालकानं काढल्या न्हवत्या.

आदी एक सांगते. मला शुद्ध बोलता येतं. सोलापुरात मोठ्या दवाखान्यात नर्स हाय मी, दिवसभर पेशंटसंगं शुद्धच बोलते. पन ही गोष्ट शुद्धात सांगाय बसलं की ती दुसऱ्याच कुनाची वाटाय लागती. म्हनून अशीच सांगनार.

आमचं गाव केमच्या पलीकडं, करमाळा तालुक्यात. गावाच्या कडंला आमची मातंग वस्ती, पंधरा-वीस घरं. गावात लगीन निघो, वरात निघो, कुनी निवडून येवो, हलगी आमची. बापाला हाक आली की बाप जायचा. हातातला घास खाली ठिवून जायचा. न्हाय म्हनायची रीतच न्हवती. मालक म्हंजी गावातले मोठे बागाईतदार, समद्या कमिट्यांचे अध्यक्ष. त्यांच्या बैलांची नावं आमच्या घरात समद्यांना पाठ व्हती, पन आमच्या घरात किती मानसं हायेत ते मालकांना कवाच ठाव न्हवतं.

त्या साली मी दहावीला शाळेत पहिली आले. वस्तीतलं लेकरू पहिलं यायची ही पहिलीच येळ. शाळेचा शिपाई पत्रिका घिऊन घरी आला. आबानं, म्हंजी माझ्या बापानं, ती माझ्याकडनं चार डाव वाचून घेतली. 'गुणवंत विद्यार्थ्यांनी पालकांसह उपस्थित राहावे.'

"पालक म्हंजी मी?"

"व्हय की आबा. तूच."

आई मी सात वर्साची असतानाच गेली व्हती. पालक म्हनून त्यो एकटाच. सत्काराच्या दिवशी सकाळीच दाढी करून आला. पांढरा शर्ट घातला, बाहीवर इस्त्रीची रेघ. शाळंच्या पटांगनात पालकांच्या खुर्च्या मांडल्या व्हत्या आन एकेका खुर्चीच्या पाठीला नावाचा कागद. 'श्री. लक्ष्मण', पुढं आमचं आडनाव. त्यानं मला इचारलं, हितंच का नक्की? मी म्हनलं, हितंच. गावात त्याला लक्ष्मण कोन म्हनत व्हतं? शाळंतली बारकी पोरंबी लख्या म्हनायची.

पहिल्या नंबरानं मनोगत वाचायचं असायचं. मी आठ दिवस खपून लिहिलं व्हतं, वहीची चार पानं. माझ्या ड्रेसला खिसा न्हवता. मी ती पानं घडी घालून आबाच्या खिशात ठिवली, त्या पत्रिकेसंगंच. जपून ठिव म्हनलं. त्यानं खिशावर हात दाबून मान हलवली.

आन मग सायबाच्या, म्हंजी प्रमुख पाव्हन्याच्या मिरवनुकीला सांगितलेल्या बँजोवाल्यांची गाडी कुर्डुवाडीच्या अलीकडं बंद पडली.

मालकांनी ती हाक मारली आन बाप वस्तीवर पळत गेला, पळत आला. जरा येळानं शाळंच्या भिंतीमागनं धूर निघाला. मला म्हाईत व्हतं कशाचा. हलगी शेकल्याबिगर बोलत न्हाय. आषाढाची ओली हवा, कातडं ढिलं पडतं, जाळावर धरलं की मग ताठ हुतं. घाई लई व्हती आन भवतालचं चिपाड-चगाळ समदं भिजल्यालं. कशाचा जाळ केला आसंल, हे माझ्या मनातबी आलं न्हाय.

सायब आले. माझा बाप त्यांच्या म्होरं उलटा चालत, वाजवत आला. ही आमची रीत. पाव्हन्याकडं पाठ करायची न्हाय, म्हनून मागं मागं चालायचं. मागं खड्डा आसला तर आपन पडायचं. सायब त्याच्याकडं बघतबी न्हवते, फोनवर बोलत व्हते.

नावं खालनं वर पुकारत गेली. पाचवा, चौथा, तिसरी, दुसरा. एकेक पोरगं आईबापांसंगं वर जायचं. पोराला ट्रॉफी, बापाला शाल. फोटो. टाळ्या. बाप परत्येकासाठी वाजवत व्हता.

मग माझं नाव आलं. "पालकांसह व्यासपीठावर यावे."

माझी नजर खुर्चीकडं गेली. खुर्ची मोकळी. त्यो स्टेजच्या खाली, घामानं भिजून, हलगी गळ्यात. माईकवर मालकांचा आवाज आला:

"पालक वाजवायला हायेत. पोरगी एकटीच येऊ द्या. वाजीव रं लख्या, आता तर तुझ्याच पोरीसाठी वाजीव!"

पटांगन हसलं. सायबबी हसले. आन बाप हसला. काय वाजीवली त्यानं हलगी त्या दिवशी! मला वाटतं आख्ख्या जल्मात तसं वाजवलं नसंल. त्याला आनंद झाला व्हता. खरंच झाला व्हता. हेच मला आजबी सोसत न्हाय. त्यानं रडकं तोंड केलं आसतं तर मी कवाच इसरले आसते.

मी वर गेले. सायबानं ट्रॉफी म्होरं केली. बापाची शाल ताटात घडी घालून व्हती, ती कुनीतरी उचलून परत पिशवीत घातली. ती पिशवीत जाताना मी बघितली आन माझ्या तोंडातनं निघून गेलं:

"माझ्या वडिलांना वर बोलवा."

माईक जवळच व्हता. समद्यांनी ऐकलं. हलगी थांबली.

"घे गं बाय, येळ नगं लावू," मालक म्हनले.

"ते आल्याशिवाय मी घेनार न्हाय."

पंधरा वर्साची व्हते मी. पन तेवढा वकूत मी कुनाचीच न्हवते, ना वस्तीची ना गावाची. नुसती माझी व्हते. आन मग त्यो आला. चपला पायरीखाली काढून, हलगी खांद्यावर सारून, दोनी हात जोडून. मला वाटलं माझ्याजवळ आला. त्यो मालकांच्या म्होरं वाकला.

"मालक, पोर हाय. चुकलं तिचं. पदरात घ्या." आन माझ्याकडं बघून, हळू: "घे बाय. माझी आन हाय, शपथ हाय तुला."

मी घेतली ट्रॉफी. बापानं आन घातली म्हनून घेतली. फोटोत मी हाय, सायब हायेत, मालक हायेत. बाप तवर पायऱ्या उतरून गेला व्हता.

"आता मनोगत," सर म्हनले.

मी स्टेजच्या कडंला जाऊन हात खाली केला. "आबा, कागदं दे."

त्यानं खिशात हात घातला. परत घातला. दुसऱ्या खिशात. नुसती पत्रिका निघाली. मग त्याचा हात खिशातच थांबला आन त्यो शाळंच्या भिंतीकडं बघाय लागला. मला तवा समजलं जाळ कशाचा केला व्हता. घाईघाईत कागद काढला, वाचता येत न्हाय, पत्रिका जपली आन पोरीचं भाषन काडी लावून हलगीखाली धरलं. आमच्यासारख्याच मानसाकडनं हुनार आसली चूक. दुसऱ्या कुनाच्या बापाकडनं हुईल का?

मी माईकम्होरं हुबी ऱ्हाईले. पाठ केलं व्हतं की मी! समदं पाठ व्हतं. पन तोंडच उघडंना. मालकांनी माईक वडून घेतला.

"पोरगी हुशार हाय, पन बोलाय जमत न्हाय. चालायचंच. ते रक्तात आसावं लागतं."

परत हसले समदे.

घरी जाताना वड्याजवळ आलो. मग आबानं इचारलं:

"काय लिवलं व्हतंस गं त्यात?"

आता जे सांगते ते मी पंधरा वर्सं कुनाला सांगितलं न्हाय. त्या मनोगतात मी लिहिलं व्हतं, 'माझे वडील शेतीकाम करतात.' हलगीचं नावबी न्हवतं. लाज वाटत व्हती मला. समद्या गावाला म्हाईत आसलेली गोष्ट मी गावापासनं दडवत व्हते, एवढी मी येडी, एवढी लाजलेली. मालकांनी बापाला खुर्चीवरनं उठवलं ते खरंय. पन त्याच्या आदी आठ दिवस, माझ्याच हातानं, मी त्याला कागदावर येऊच दिला न्हवता.

आन त्याला मी काय सांगितलं? त्याचा चेहरा बघून माझ्यानं ऱ्हावलं न्हाय. म्हनलं, "तुझंच लिहिलं व्हतं आबा. तू हलगी कशी वाजवतोस, तुझ्या हलगीवर मी कशी शिकले, समदं तुझंच."

त्याला बरं वाटंल म्हनून बोलले. त्यो मटकन बांधावर बसला.

"आन त्येच मी जाळलं?" म्हनला. "आगं बाय बाय बाय. त्येच जाळलं मी?"

ढसाढसा रडला माझा बाप. स्टेजवर हात जोडताना रडला न्हवता, तितं बांधावर रडला. त्याचं रडू थांबवायला मला खरं सांगायला पायजे व्हतं. न्हाय सांगितलं. मला माझी लाज झाकायची व्हती. त्यो मरंपतूर वस्तीत ज्याला त्याला सांगत ऱ्हायला, माझ्या पोरीनं माझ्यावर लिवलं व्हतं, मीच करंट्यानं जाळलं. मी तितंच बसलेली असायची, खाली मान घालून. दोन वर्सांमागं गेला. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच वॉर्डात. शेवटचे चार दिवस मी उशाला व्हते, आन चारी दिवस गप ऱ्हाईले.

आता यंदाचं ऐका.

यंदा वस्तीतली तीन पोरं पुढं आली. माझा चुलतभाऊ दादा, त्याची पोरगी पूजा बारावीला केंद्रात दुसरी आली. सुनील पोलिसात भरती झाला, माळावर अनवानी पळून पळून. आन कडंच्या घरची काजल तालुक्याला कुस्ती मारून आली, गेल्या साली हिला गावातल्या तालमीत पाऊल टाकू दिलं न्हवतं. एवढ्याशा वस्तीत तीन! फोनवर ऐकलं तवा मी वॉर्डातच नाचले, सिस्टर बघाय लागल्या.

मग कमिटीचा फोन आला. मालकांचा मुलगा आता अध्यक्ष. लई गोड बोलतो. "ताई, तुम्ही गावाची शान. या वर्षी प्रमुख पाहुण्या तुम्ही."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

"आणि ताई, तुमच्या दादाला तेवढं सांगा. चौघंजण हलग्या घेऊन लवकर या म्हणावं. तुमची मिरवणूक काढायचीय."

मी म्हनलं, "दादाची पूजा सत्काराला आहे. त्या दिवशी तो पालक आहे."

"हो हो, वाजवून झालं की बसेल की. मागं खुर्च्या असतात."

म्हंजी या टायमाला दादा उलटा चालनार आन त्याच्या म्होरनं चालनार मी.

आयतवारी गावाकडं गेले. दादा अंगनात व्हता. मी म्हनलं, "त्या दिवशी वाजवायचं न्हाय तू."

"तुझं बरं हाय," दादा म्हनला. "सोलापुरात ऱ्हातीस, पगार खातीस. मला हितं ऱ्हायचंय. उद्या पान्याला, कामाला, दळनाला गावातच जायचंय मला. ही पोरं गावाच्या डोळ्यावर आली तर तू येनार हायस का राखायला?"

खरंच बोलत व्हता. पूजा दारात हुबी व्हती. ती म्हनली,

"आत्या, तुमी त्या दिवशी नगं म्हनला व्हता ना? मग ट्रॉफी का घेतली?"

"बापानं आन घातली म्हनून."

"माझ्या बापानं घातली तर?"

दादानं मान वर केली. मी त्या दोघांना मग समदं सांगितलं, कागदावर काय व्हतं आन काय न्हवतं ते. दादानं आबाकडनं ती गोष्ट शंभर डाव ऐकली व्हती. मग म्हनला, "म्हंजी म्हातारा फुकटच झुरला की गं." एवढंच. न शिवी दिली, न धीर दिला. उठून पूजाला म्हनला, "मी आन घालनार न्हाय तुला. तुझं तू बघ." वाजवनार का न्हाय, ते अजून बोलला न्हाय.

मी तितंच हुबी ऱ्हाऊन अध्यक्षाला फोन लावला आन पहिल्यांदाच त्याच्यासंगं घरच्या बोलीत बोलले. "मी पाव्हनी म्हनून येनार न्हाय. वस्तीची तीन पोरं सत्काराला येतील, पन त्यांच्या आईबापांच्या आदी पायरी चढनार न्हायत. त्या दिवशी आमच्यातला कुनीबी वाजवनार न्हाय, ही माझी मागनी हाय."

"ताई, उगं जुनं काढून गावाचं वातावरण बिघडवू नका. बोललात त्याबद्दल गावाची माफी मागून मोकळं व्हा, मी समजून घेईन."

येत्या सोमवारी सत्कार हाय. मी रजा टाकलीया. स्टेजच्या पायरीजवळ हुबी ऱ्हानार. दादा आला तर त्याच्या शेजारी, न्हाय आला तर एकटी. गावानं वस्तीवर राग धरला तर पूजा आन काजल माझ्या दोन खोल्यांत राहून शिकतील, आन मी दर आयतवारी वस्तीवर येऊन बसंन, कोन काय करतं ते बघाय. माफी मला एकाच मानसाची मागायची व्हती. ती मागायची ऱ्हाऊन गेली. गावाची मी मागनार न्हाय.