खिळ्यावरची पर्स

शैला गेल्याचं तिच्या मुलाने दुपारी फोनवर सांगितलं. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात दुसरा फोन आला, तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा. "बाई, ऐकलं ते... वाईट झालं हो. पण आज वर्ग उघडणार ना? मी ठाण्याला ड्युटीवर, पोरगी जाणार कुठे?" मला रागच आला. रिक्षात बसल्यावर जाणवलं, शैलानेही आधी हेच विचारलं असतं.

आम्ही दोघी एकाच शाळेतून निवृत्त झालो. मी सकाळी फिरायला जायला लागले, हिने ठाकुर्लीतल्या पालिकेच्या शाळेत एक खोली मागून घेतली. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घराला कुलूप असतं, त्या मुलांनी तिथे यायचं. आधी पोहे नाहीतर चणे खायचे, मग खेळायचं, अभ्यास सगळ्यात शेवटी. परवानगी सहापर्यंतची आणि आया घरी पोचणार आठला. "हे धोरण लिहिणाऱ्याची बायको घरी असणार," शैला म्हणायची आणि खोली आठपर्यंत उघडी ठेवायची. एकदा तपासणीला आलेले साहेब गुणवत्तेबद्दल विचारू लागले... किती मुलांना वाचता येतं, भिंतीवर घड्याळ का नाही. "होतं ना साहेब. पोरं पुस्तक सोडून त्याच्याकडेच बघत बसायची, आई कधी येते म्हणून. काढून टाकलं." त्या रिकाम्या खिळ्याला ती स्वतःची पर्स अडकवायची. पर्स तिथे आहे तोवर बाई कुठे जात नाहीत, हे मुलांना न सांगताच कळलं होतं. "अगं, नसत्या भानगडीत पडू नकोस," हे मी तिला सांगून सांगून थकले. हट्टी होती. तिची फार आठवण येते.

तिच्या माघारी आता मी वर्गावर जाते. आठपर्यंतच्या परवानगीसाठी पालिकेच्या कचेरीत खेटे घातले. "धोरण ठरतंय" म्हणतात. नियम मोडायला माझं मन धजत नव्हतं, म्हणून सहाला खोली बंद करून मुलांना घेऊन शाळेच्या पायरीवर बसायचे. तिथे ना धड उजेड, ना खेळ. परवाही सहाला शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात आले. मुलं दप्तरं आवरू लागली. पहिलीतली सई तेवढी माझ्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

"बाई, ती खिळ्याला लावा ना..."

मी उठले आणि लावली. मुलांनी दप्तरं पुन्हा उघडली. मामांनी एकदा खिळ्याकडे पाहिलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या.