बाहीचं माप

मसूदाभाभीबद्दल मी कधी काही चांगलं लिहीन असं मला वाटलं नव्हतं. सहा वर्षं आम्ही एकाच मदत मंडळात काम केलं आणि त्यातली साडेपाच मी तिच्यावर जळत होते. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू? जळतच होते.

ती राजापूरकडची. नवरा ताहिर इथं आखातात, सलमाबादला, गाड्यांच्या सीट कव्हरचं वर्कशॉप चालवतो आणि वरच्या दोन खोल्यांत हिचं शिलाई मशीन. शिक्षण सातवी. ठेंगणी, अंगानं भरलेली, गळ्यात कायम टेप आणि तोंडात टाचण्या. त्या तोंडात ठेवूनही तिची बडबड चालूच असते. मी लीना, पुण्याची, कायद्याची पदव्युत्तर पदवीधर. माझ्या नवऱ्याची, हेमचंद्रची, बँक इथल्या सीफ भागात आहे म्हणून मी इथं. स्पेनच्या बास्क प्रांतात कायदा वेश्याव्यवसायाकडे कसा बघतो, यावर मी ऐंशी पानी प्रबंध लिहिला होता. मंडळात तो कुणी उघडूनही पाहिला नाही.

आमच्याकडे काम यायचं ते असं. नोकरीचं आमिष दाखवून आणलेल्या आणि धंद्याला लावलेल्या बायका धाडीत सापडतात. जबाब होईपर्यंत पोलीस त्यांना ठेवतात, तिथं आम्हाला भेटू देतात. इथं धंदा करणं गुन्हा आहे. बाई परदेशी असेल तर शिक्षा आणि मग देशाबाहेर. पण तिला फसवून, डांबून ठेवलं होतं असं ठरलं, तर ती आरोपी राहत नाही. तिला निवारा मिळतो आणि खटला तिला फसवून आणणाऱ्यांवर चालतो. सगळी भिस्त तिच्या जबाबावर, आणि या बायका तर तोंड उघडत नाहीत.

माझ्यापुढे तर नाहीच. मी फाइल घेऊन बसायचे, क्रमानं प्रश्न विचारायचे. "मर्जीनं आले," एवढं म्हणून त्या भिंतीकडे बघत बसायच्या. मग मसूदाभाभी यायची. हातात ना फाइल, ना पेन. "उभी रव गो, माप घेतंय," म्हणायची. धाडीत सापडलेल्या बाईच्या अंगावर तेच रात्रीचे चमचमते कपडे असायचे. त्या कपड्यांत ती साहेबापुढे कशी उभी राहील, एवढीच हिची काळजी. खांदा, कंबर, उंची मोजता मोजता त्या बायका बोलायला लागायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ही सलवार-कुडता शिवून हजर. तो घालून त्या जबाब द्यायच्या. भाषांतर माझं, सही माझी आणि निघताना गळ्यात पडायच्या ते हिच्या!

एकदा मी तिला मुद्दाम माझा प्रबंध ऐकवला. स्पेनमध्ये स्वतःच्या मर्जीनं धंदा करणं गुन्हा नाही, दुसऱ्याला त्यात ढकलणं गुन्हा आहे, वगैरे. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "मर्जी? ती इचारतं कोण, लीनाबाय?" दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं. त्यात माझी स्पृहा. माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी ही मुलगी शाळेचा स्कर्ट आखूड करून घ्यायला भाभीकडे गेली की मराठीत गप्पा मारते!

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रखमा आली. बार्शीची, वय चोवीस. मंडळाचा सेक्रेटरी ओवैस म्हणाला, "मसूदाभाभींना बोलावू?" मी म्हटलं, "त्या बिझी आहेत." भाभी मोकळी होती, मला ते माहीत होतं. माझ्या पर्समध्ये नवी कोरी टेप होती.

मी रखमाला उभं केलं आणि माप घ्यायला लागले. ती हसली. "मॅडम, टेप उलटी धरली की." आणि मग बोलायला लागली. पार्लरची नोकरी सांगितली होती. विमानतळावरच पासपोर्ट काढून घेतला. फ्लॅटला बाहेरून कुलूप. नाही म्हटलं की हात बांधायचे. दोन तास ती बोलत होती आणि मी लिहीत होते. घरी गेले ती हवेतच.

त्याच संध्याकाळी ती मापं भाभीला फोनवर सांगायला हवी होती. पण तिनं शिवलं असतं की रखमाही तिचीच झाली असती. मला ते सहन होईना. मी सीफच्या मॉलमध्ये गेले आणि चांगला महागाचा, मोरपंखी, लांब बाह्यांचा ड्रेस घेतला.

सकाळी तो रखमाच्या हातात दिला. गळ्याशी टॅग लोंबत होता. तिनं टॅग पाहिला आणि ड्रेस खाटेवर ठेवून दिला.

"ते बी असंच आणायचे. नवं, चिठ्ठीसकट. मंग म्हणायचे, घाल."

"अगं, मी तशी नाही."

"मी मर्जीनं आले, मॅडम. तसंच लिवा."

मी हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. दहाला जबाब होता. विनवण्या करून मी तो दुपारच्या नमाजानंतरपर्यंत पुढे ढकलून घेतला. तोवर ती बोलली नाही, तर ती आरोपी म्हणूनच आत जाणार होती. आणि ते माझ्यामुळे, माझ्या जळकेपणामुळे.

शेवटी मी भाभीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, ती बिझी असल्याची थापसुद्धा. तिकडे मशीन थांबलं. मी टोमण्याची वाट बघत होते.

"माप हाय ना? बोल यल्ला, लवकर."

मी वाचत गेले. खांदा, छाती, कंबर, उंची.

"बाही?"

बाही मी मोजलीच नव्हती. रखमाच्या मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ होते. टेप तिथपर्यंत न्यायचा मला धीर झाला नव्हता. "लांबच शिवा," मी म्हटलं. "वळ झाकले जातील."

"तू नको सांगू. तिला इचार."

मी रखमाजवळ जाऊन बसले. "रखमा, बाही लांब हवी की आखूड?"

तिनं दोन्ही हात पुढे करून ते उलटसुलट करून पाहिले.

"आखूड," ती म्हणाली. "बघू दे की त्यांना."

मी फोनवर तेवढंच सांगितलं आणि तिकडे मशीन सुरू झालं.

साडेबाराला भाभी आली. साधं निळं सुती कापड, कोपराच्या वरच संपणारी बाही, शिवणीचे धागेही अजून लोंबत होते. रखमानं ते घातलं. सरकारी वकिलापुढे दोन्ही हात टेबलावर ठेवून ती दीड तास बोलली. तिला निवारा मिळाला. तिथं जाताना ती भाभीच्या गळ्यात पडली. मी फाइल धरून बाजूला उभी होते, आणि खरं सांगते, तेव्हाही जळले.

जूनमध्ये खटल्यातली तिची साक्ष झाली आणि ती बार्शीला परतली. तिचे व्हॉइस मेसेज भाभीलाच येतात. दिवाळीला आलेला एक भाभीनं मला ऐकवला. सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर शेवटी होतं, "आन् उलट्या टेपच्या मॅडमला सांगा, बाही कशी पायजे ते त्यांनीच इचारलं मला. मी इसरले न्हाई."

मेसेजची तारीख मी पाहिली. बारा दिवसांपूर्वीची होती.

"भाभी, बारा दिवस?" मी विचारलं.

एरवी टाचण्या तोंडात धरूनही बडबडणारी मसूदाभाभी मान खाली घालून मशीन मारत राहिली. तिचे कान लाल झाले होते. ते जळणं मी ओळखलं. मी तिला आणखी काही विचारलं नाही, दोघींसाठी चहा टाकला.