जैसलमेरच्या खडकातले शिंपले आणि माझा फोन

आज दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांजवळ बोलून राहिले.

माझी लेक ऋतुजा भूगर्भशास्त्र शिकते. सध्या ती जैसलमेरकडच्या वाळवंटात जुन्या खडकांचे थर तपासायला गेली आहे. सकाळी "आई, आज लांबच्या टेकडीवर चालली" म्हणाली आणि त्यानंतर फोन लागेचना.

आमच्या मोर्शीच्या बागेत संत्र्याची तोडणी चालू होती, पण माझे हातच चालेनात. "तिले रेंज नसन. तू काहून जिवाले घोर लावून राहिली?" असं तिचे बाबा म्हणाले. पण तेही सारखे खिशातून फोन काढून बघत होते.

संध्याकाळी एकदाचा तिचा फोन आला. मी रागवायला तोंड उघडलं, तर तीच ओरडली, "आई, मले खडकात शिंपले सापडले! इथं समुद्र होता, आई!"

"समुद्र गेला चुलीत. तू जेवली का?"

"नाई. ध्यानातच नाई राह्यलं."

मग ती कोणत्या थराखाली कोणता थर आहे, ते सांगतच राहिली. तिला इतकं खुश मी कधी ऐकलं नव्हतं. रागवायचं राहूनच गेलं.

फोन ठेवताना म्हणाली, "उद्या आणखी आत जायचं हाय. तिथंही रेंज नाई."

"घरी ये" असं ओठावर आलं होतं. पण मी म्हटलं, "जाय. पाणी जास्त ठेव सोबत."

तेव्हापासून पुन्हा चैन नाही. ज्यांची लेकरं अशी लांब जातात, त्या आयांनो, तुमी दिवस कसा काढता?