भिंतीकडे तोंड करून

गौराक्का गेल्याचं मला त्यांच्या घरच्या कुणी कळवलं नाही. आळंदच्या बाजारात तुरीच्या ढिगापाशी उभा होतो, सौदा चालू होता, आणि ओळखीच्या एका हमालानं सहज विचारलं, "मातीला न्हाई आलाव का, अण्णा?" कुणाच्या मातीला, म्हटलं तर तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. तसाच पळत गेलो. लोक माती देऊन परत निघाले होते. घराच्या दारात अक्कांची धाकटी बहीण नीलाक्का उभ्या होत्या. "तू आत येऊ नको," एवढंच म्हणाल्या. मी मूळचा तापट माणूस, दुसरं कुणी असतं तर चार शब्द ऐकवूनच परतलो असतो. पण त्या दिवशी दारातूनच मागं वळलो. तीन आठवड्यांपूर्वी आजारी अक्कांना मी स्पष्ट "न्हाई" म्हणालो होतो, आणि ते नीलाक्कांनी ऐकलं होतं. त्या एका शब्दाबद्दलच मला लिहायचं आहे, कारण तो म्हणायला मला अक्कांनीच शिकवलं.

अक्कांचं दुकान सरकी-पेंडीचं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही; नांदायला गेलेली बहीण परत आली, तिलाही पोटाशी धरलं. आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळं त्या दिवशी पेंडीला गिऱ्हाईकही कमी. मग आम्ही पाच-सहा पोरं पोत्यांवर ठाण मांडून बसायचो. ज्याच्या डोक्यात धंद्याचं खूळ शिरलं असेल त्यानं ते तिथं मांडायचं आणि अक्कांनी त्याची सालं काढायची. समजावताना त्या मराठी बोलायच्या, रागावल्या की कानडीत शिरायच्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला सोडावॉटरचा कारखाना काढायचा होता. पंधरा दिवस गावोगाव हिंडून आलो होतो. छाती फुगवून म्हणालो, "अक्का, चाळीस जनास्नी इचारलो, घ्याल का म्हनून. सगळेच व्हय म्हनले."

"तुला पानी दिले का?"

"दिले की. गूळ बी दिले."

"मग व्हय म्हनतीलच. आपल्याकडं दारात आलेल्याला न्हाई कोन म्हनतंय रे? घेशील का म्हनून इचारू नको. आत्ता काय पितोस ते इचार."

पुन्हा हिंडलो. उन्हातान्हात माणसं ताक पीत होती, ते बी शेजारणीकडून फुकट आणलेलं. मी इतका चिडलो की दोन सोमवार तिकडं फिरकलोच नाही. तिसऱ्या सोमवारी गेलो तर अक्कांनी माझी जागा रिकामी ठेवली होती. त्यांनी नुसतं पोतं झटकलं. पुढं तुरीच्या खरेदी-विक्रीचा विचार मांडला तेव्हा आधी मलाच त्याला नावं ठेवायला लावली. सकाळपासून दुपारपर्यंत मी माझ्याच धंद्याची निंदा करत होतो... त्यातून जे उरलं त्यावर आज माझं घर चालतं.

मग दुसरी मोठी लढाई लागली आणि तिसऱ्या का चौथ्या वर्षी एका सोमवारी अक्का म्हणाल्या, "आज माझी पाळी." मंठाळ गावच्या एका पाहुण्याचं तेल काढायचं मशीन होतं, इंजिनासकट. करडी, भुईमुगाचं तेल निघेल, पेंड घरचीच होईल. त्या बदल्यात दोघी बहिणींना बापाकडून मिळालेली विहिरीखालची जमीन द्यायची. "मी जाऊन बघितले, चालू करून दावले त्यानं. आसपासच्या कुळवाड्यांस्नी बी इचारले, माल आनताव का म्हनून. समदे व्हय म्हनले. आता तुमी बोला." असं म्हणून त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

मी आठच दिवसांपूर्वी तूर बघायला त्याच गावी गेलो होतो. ते इंजिन मी पाहिलं होतं. त्याच्या धुराच्या नळकांड्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. लढाईमुळं इंजिनाचं तेल मिळत नव्हतं, कधीपासून ते बंद पडून होतं. अक्का यायच्या दिवशी कुठूनतरी डबाभर तेल पैदा करून पाहुण्यानं ते फिरवलं असणार. सगळं मला दिसत होतं. समोर अक्का बसल्या होत्या, आतल्या उंबऱ्यावर नीलाक्का गहू निवडत होत्या. मल्लू कोष्टी आमच्यातला सगळ्यात तोंडाळ, तोही म्हणाला, "तुमी म्हनताव म्हंजे बराबरच असंल, अक्का." माझी पाळी आली. ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं तिला मी काय शिकवणार... मीही म्हणालो, "व्हय अक्का."

जमीन गेली. मशीन आलं आणि तेलावाचून गंजत उभं राहिलं. दोन पावसाळे गेले, शेवटी भंगारात गेलं. ते नेणाऱ्या गाडीमागं उभं राहून मी अक्कांना घरट्याचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पोटात राहीना.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग कामून बोलला न्हाईस?"

"तुमच्या तोंडाकडं बघून बोलवना, अक्का."

त्या रागावतील, कानडीत शिव्या देतील, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी तुमास्नी काय बी शिकवले न्हाई," आणि आत गेल्या. पुढच्या सोमवारी आम्ही जमलो तर अक्का भिंतीकडे तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसलेल्या. दुकानात जनावरं बांधायची दावी-कासरे विकायला ठेवायचा त्यांचा विचार होता. "आता तोंड दिसत न्हाई ना माझं? बोला," म्हणाल्या. बोलणार कोण? शेवटी मल्लू पुटपुटला, "नका ठेवू अक्का, उंदरं खातील." पाठ जराही हलली नाही. मग एकेकाला कंठ फुटला. तेव्हापासून अक्कांचं काही असलं की त्या तशाच बसायच्या. मला वाटतं, आम्हाला बोलता यावं म्हणूनच नव्हे, स्वतःला आमचं ऐकता यावं म्हणूनही त्या वळत असाव्यात. चेहऱ्यावर काय येत होतं ते आम्हाला कधी दिसलं नाही.

यंदा उन्हाळ्यात अक्कांचं अन्न तुटलं. पाय सुजले, डोळे पिवळे झाले. हकीम म्हणाला, पाऊस पडला की उठतील. मी भेटायला गेलो त्या दुपारी नीलाक्का दारात आंबील निववत होत्या. अक्कांनी मला खाटेजवळ बसवलं. "तुझा बाप असाच गेला ना? तू जवळ व्हतास. मला सांग, मी उठते का न्हाई?" आणि मोठ्या कष्टानं त्या कुशीवर वळल्या, भिंतीकडे. पाठीची हाडं लुगड्यातून मोजता येत होती. दारातून नीलाक्का माझ्याकडं डोळे रोखून बघत होत्या, 'व्हय म्हन' म्हणून मान हलवून मला खुणावत होत्या. एकदा व्हय म्हणून मी काय केलं होतं ते मला माहीत होतं.

"न्हाई अक्का," मी म्हणालो. "न्हाई उठत तुमी."

तशाच पडून त्या म्हणाल्या, "बरं. मग कामाला लागू." दुसऱ्याच दिवशी त्यांनी चावडीवर माणूस पाठवला आणि राहतं घर बहिणीच्या नावावर करून घेतलं. चुलतदिरांचा त्यावर डोळा होता, हे सगळ्या पेठेला माहीत. पण त्या दुपारी मी बाहेर पडलो तेव्हा नीलाक्कांनी मला ओट्यावर गाठलं. हातातलं आंबील सांडत होतं, त्याचंही त्यांना भान नव्हतं. "जवा न्हाई म्हनायचं तवा व्हय म्हनलास, आन जवा व्हय म्हनायचं तवा न्हाई," म्हणाल्या. मरणाऱ्या माणसाची आस तोडली म्हणून रात्रंदिवस मी स्वतःला खातो. खरं बोललो, एवढ्यानं समाधान होत नाही.

पोरं आता सोमवारी माझ्या दुकानात जमतात. गेल्या सोमवारी बोलणी चालू असताना नीलाक्का आल्या. मातीनंतर महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. कुणाकडं बघितलं नाही, रिकामं पोतं ओढलं आणि आमच्याकडं पाठ करून भिंतीशी बसल्या. "सरकीचं दुकान मी चालवते म्हनायले. बोला."

पोरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या एका शब्दानं या बाईची जमीन गेली होती, दुसऱ्यानं बहिणीच्या जगण्याची आशा.

"न्हाई चालायचं, नीलाक्का," मी म्हणालो. "जुनी पेंड कोनती, नवी कोनती, तुमाला वळखू येत न्हाई. आन गिऱ्हाईक आलं की तुमी आत निघून जाताव."

आता त्या उठून जातील, पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. नीलाक्कांनी पदर डोक्यावर नीट केला.

"आनखी?" त्या भिंतीला म्हणाल्या.