माझी एनसी, नणंदेची एफआयआर

ठाण्याच्या नौपाड्यातून नणंदेचा फोन आला तेव्हा आमची रविवारची जेवणं चाललेली. नवऱ्याने हात पिरगळला, मनगटाचं हाड मोडलं, एवढंच ती रडत रडत बोलली. माझा नवरा ताटावरून उठला. "सोडत नाही आता त्याला," म्हणाला. सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "तू पण चल गं. तुला पोलिसातलं ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. काही वर्षांपूर्वी याच माझ्या नवऱ्याने मला भिंतीवर ढकललेलं, ओठाला टाके पडलेले. मी एकटीच इथे डोंबिवलीत चौकीवर गेलेले. "घरातलं भांडण आहे ताई," असं म्हणत हवालदाराने एनसी लिहून घेतली. म्हणजे अदखलपात्र. नोंद झाली, पण अटक नाही, तपास नाही. पुढचं तुमचं तुम्ही कोर्टात बघा. घराची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणून सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर नवऱ्याने हात उचलला नाही. माफीही मागितली नाही.

नणंदेच्या हाताला प्लास्टर घालून आम्ही ठाण्यातल्या पोलिस स्टेशनला गेलो. तिथल्या तरुण पीएसआय मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकलं. माझ्या नवऱ्याला मात्र धीर निघेना.

"मॅडम, एनसीबिनसी चालणार नाही. गंभीर गुन्हा आहे हा. बायकोवर हात टाकतो म्हणजे काय?"

त्याचा आवाज खरंच कापत होता.

"हाड मोडलंय, म्हणजे गंभीर दुखापत. वर नवऱ्याकडून छळ. दखलपात्रच आहे हे," मॅडम म्हणाल्या. "एफआयआर घेतेय मी."

सासूबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी बाकाच्या टोकाला बसून जळत होते. आई तिची, भाऊ तिचा, आता कायदाही तिचाच. माझं हाड का नाही मोडलं, असं चक्क मनात आलं. ओठ काय, आठवड्यात भरून येतो.

मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"वहिनी," मी म्हणाले. आणि तोंडातून निघूनच गेलं, "मला यांनी मारलेलं, तेव्हा एनसीच झालेली."

नवरा भिंतीकडे बघायला लागला.

"आत्ता कशाला ते?" सासूबाई पुटपुटल्या.

"बोलू दे तिला, आई," नणंद म्हणाली. "मला तेव्हा सगळं कळलेलं, वहिनी. मी तुला साधा फोनही केला नाही."

"तुमची तक्रार द्यायचीय?" मॅडमनी विचारलं.

"आज तिची घ्या," मी म्हणाले.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याला अटक झाली. नणंद आमच्याकडे राहायला आली. सासूबाई तिला स्वतःच्या हाताने भरवतात, भाऊ रजा टाकून तिच्या वकिलाकडे जातो. डबा मी करून देते. हेवा काही जात नाही.

परवा सकाळी नवरा ओट्यापाशी आला. "तेव्हा चुकलं माझं," हळूच म्हणाला.

"हे तिथे पोलिस स्टेशनात बोलायचं होतंत. सगळ्यांसमोर."

तो बाहेर गेला. आतून नणंद हाक मारत होती. तिला एका हाताने वेणी घालता येत नव्हती. मी फणी घेऊन गेले. वेणी जरा घट्टच पडली.