आईच्या तोंडच्या ओळी

खण आवरताना तळहाताएवढा व्हिडिओ प्लेअर सापडला आणि रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवली. रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आई नुकतीच गेली होती आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांना ऐकू येणं पार बंद झालं होतं. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये आई बोलताना दिसायची, म्हणून मी ती कॅसेट प्लेअरवर उतरवली आणि तिचं प्रत्येक वाक्य चित्राखाली लिहिलं. प्लेअरमध्ये जागा कमी होती. बाबांना तसंही ऐकू येत नाही, म्हणून आवाज काढून टाकला. बाबा चष्मा पुसून पाहत बसले. ‘आपण जेवून घ्या, का थांबलात?’ ही ओळ आली तसे ते मोठ्यानं म्हणाले, “तुही माय असं नाही बोले. जेवून घ्या ना जी, काहून थांबून राहिले, असं म्हणे.” मी पुस्तकी मराठी लिहून बसलो होतो. दुरुस्त करून देतो, असं हातानंच सांगितलं, पण ते राहूनच गेलं. पुढे कॅसेटला बुरशी लागली, बाबाही गेले. आज प्लेअर चार्जिंगला लावून पाहिला. आईचे ओठ हलतात, खाली माझी ओळ येते, आणि मी आवाज वाढवायचं बटण दाबत राहतो.